घरच्या माणसाला लागू नाही

माझ्या काकांना बाजारात सगळे शेंगवाले म्हणत. खरं नाव फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही काका आधी मागं वळून बघायचे, हा कोण बुवा म्हणून. ते माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. आमच्या दोन घरांत एकच भिंत. पुढं माझं लग्न झालं तेही त्याच रस्त्यावर, चार घरं सोडून, त्यामुळं माहेरी जाते असं मला कधी म्हणावंच लागलं नाही. चपला पायात सरकवल्या की पोचले. काका म्हणायचे, "हिच्या सासूला सून घरात हवी असेल तर दाराला कडी घालून ठेवावी लागेल."

काका घेवडा लावायचे. रुंद, चपट्या, हिरव्यागार शेंगा. पहाटे तोडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत भरायच्या आणि ऊन चढायच्या आत बाजारात बसायचं. त्यांची विकायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाइकानं भाव विचारला की काका भाव सांगायचे नाहीत. एक शेंग उचलायची, त्याच्या कानाशी नेऊन मोडायची, अर्धी त्याच्या हातात द्यायची आणि अर्धी आपल्या तोंडात टाकायची. बोलणं मग नंतर. शेतातही तेच. सरीतून चालताना हात आपोआप वेलीकडं जायचा, कटकन आवाज व्हायचा आणि काका चावत पुढं निघायचे. काकू हयात होती तेव्हा म्हणायची, "हे जेवतात शेतात. घरी फक्त पाणी प्यायला येतात."

माणूस बोलका, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. चहात साखर कमी पडली तरी तसाच पिऊन टाकणार. काकू गेल्यावर तर त्यांना काय हवं, काय नको, हे विचारणारंच कुणी राहिलं नाही, आणि न विचारता सांगायची त्यांना सवय नव्हती.

पुढं बाजार बदलला. काचेच्या थंड कपाटांची दुकानं आली. त्यांत लांबच्या देशांतून आलेल्या भाज्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. भर उन्हाळ्यात हिवाळ्याची भाजी मिळायला लागली. लोकांचंही काही चुकत नव्हतं. निवडायचा त्रास नाही, किडा नाही, आणि घेवड्यापेक्षा स्वस्त. काकांची टोपली अर्धी भरलेली घरी परतायला लागली. मग आम्ही दोन्ही घरं घेवडाच खायचो. माझा नवरा एकदा म्हणाला, "तुझ्या काकांना सांग, आता माझ्या कानाशी मोडली तर मी ओरडेन."

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते. दादा कष्टाळू, सरळ माणूस आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल. त्यानं चौकशी केली, चार ठिकाणी फिरून आला आणि एका कंपनीशी करार केला. थंड देशांतल्या दुकानांसाठी बारीक, लांब, पेन्सिलीसारखी सरळ फरसबी लावायची. तिकडं बर्फ असतं तेव्हा आपण पिकवायचं, विमानानं ती जाणार. आपल्या बाजारात त्या शेंगेला कुणी हात लावत नाही. गवत खाल्ल्यासारखं लागतं म्हणतात. म्हणजे कंपनीनं घेतली तर घेतली, नाहीतर उकिरडा.

शेंगेबरोबर नियम आले. शेतात जनावर नको, म्हणून गाय विकली. तोडणाऱ्या बायकांनी डोक्याला टोपी घालायची, बांगड्या काढायच्या, नखं कापायची. शेतात खायचं नाही, थुंकायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही. जागोजागी पाट्या हव्यात. माझं अक्षर बरं म्हणून पाट्या मी रंगवल्या. हात धुवा. येथे खाऊ नये. औषधांची खोली, प्रवेश बंद. काका पाटीपाशी थांबून एकेक अक्षर वाचायचे आणि म्हणायचे, "पोरी, एवढा उपदेश तर देवाच्या दारातही लिहिलेला नसतो."

घरही बदललं. पुढच्या मोठ्या खोलीत शेंगा निवडायची टेबलं लागली. शेंगा ठेवायला थंड खोली हवी होती. घरात सगळ्यात गार खोली काकांची. जाड भिंती, सावलीची बाजू, रस्त्याकडं उघडणारी खिडकी. कंपनीच्या माणसानं भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, हीच. खिडकी बुजवली, भिंतींना आतून पत्रे लावले, मशीन बसवलं. काकांचं सामान मागच्या खोलीत गेलं. "आबा, तात्पुरतं आहे," दादा म्हणाला. काका म्हणाले, "मला काय, पाठ टेकायला जागा झाली म्हणजे झालं." तात्पुरतं हा शब्द आमच्या घरांत सिमेंटपेक्षा जास्त टिकतो. काका भेटायचे ते नेहमी बाहेरच्या पायरीवर, त्यामुळं मागच्या खोलीत आम्हा कुणाचं जाणं झालं नाही.

वर्षातून एकदा तपासणी असायची. ते सर्टिफिकेट मिळालं तर त्या हंगामाची फरसबी जाणार. आदल्या वर्षी आमच्या पलीकडच्या शेतकऱ्याचं अडकलं तेव्हा त्यानं उभं पीक नांगरून टाकलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी कुंपणाशी उभं राहून पाहिलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस आला. वयानं पोरगाच, पण सगळे त्याला साहेब म्हणतात. त्यानं दादाला बाजूला घेतलं. मी ओट्यावर शेवटच्या पाटीला रंग देत होते, म्हणून ऐकू आलं.

"बाकी सगळं ठीक आहे. तुमच्या वडिलांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"ते शेंग मोडून तोंडात टाकतात. मी स्वतः पाहिलंय. उद्या बाईंनी पाहिलं तर? एखादा नवा कामगार असेल तर शिकवा म्हणून सोडून देतात. पण घरचा माणूसच नियम मोडतोय म्हटल्यावर त्या पुढचं काही बघणारच नाहीत."

संध्याकाळी दादानं काकांना सांगितलं, "आबा, उद्या ताईकडं जाऊन या." ताई म्हणजे दादाची बहीण, बाहेरगावी दिलेली.

"का रे, तिला बरं नाही?"

"बरं आहे."

"मग?"

दादा टोपलीशी चाळा करत राहिला. शेवटी वहिनीनंच सांगितलं. "मामंजी, उद्या त्या तपासणीवाल्या बाई येणार आहेत. तुम्ही शेंग खाता ना शेतात."

"शेंग खायची नाही तर लावायची कशाला?" काका म्हणाले. मग दादाच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "जातो. नातवंडांनाही बरेच दिवस पाहिलं नाही."

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी घेऊन ते निघाले. मी दारात होते. "परत कधी?" विचारलं तर म्हणाले, "बाई गेल्या की बोलवा. तोवर मी पाहुणा."

तोडणीच्या बायका रांगेत उभ्या होत्या. वहिनी एकेकीची नखं तपासत होती. त्यांतली सगळ्यात वडील बाई, जिला सगळ्या आत्या म्हणतात, ती म्हणाली, "माझं लग्न ठरवताना सासरच्यांनी एवढी नखं बघितली नव्हती." सगळ्या हसल्या. मी रजा टाकून आले होते. पाट्या माझ्या, नोंदी माझ्या अक्षरात, काही विचारलं तर सांगायला मी.

बाई आल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी करारी, चष्म्यावरून बघणारी येईल. ही तर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, उन्हानं दमलेली, पायात मळके बूट. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. शांतपणे एकेक बघत गेली. औषधांच्या खोलीचं कुलूप, हात धुवायचा नळ, साबण. थंड खोलीत जाऊन तिथलं तापमान पाहिलं. फरसबी रांगेनं क्रेटमध्ये, जणू शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी. "छान ठेवलंय," ती म्हणाली. कंपनीच्या साहेबानं दादाकडं बघून डोळे मिचकावले.

मग ती शेतात निघाली. दादा, साहेब आणि मी मागून. वरच्या वाफ्यांत बायका तोडत होत्या, टोप्या जागच्या जागी. सगळं सुरळीत चाललं होतं. आम्ही खालच्या वाफ्याकडं वळलो आणि समोर काका.

इस्त्रीचा सदरा कमरेला गुंडाळलेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, अनवाणी. एका हातात फावडं, आणि तोंड हलत होतं. ते बसथांब्यापर्यंत गेले होते, तिथं त्यांना आठवलं की पहाटे खालच्या वाफ्याला सोडलेलं पाणी बंद करायचं राहिलं. तसेच मागच्या पायवाटेनं परत आले. पाणी तोडलं. आणि उठताना सवयीनं हात वेलीकडं गेला.

आम्हाला बघून त्यांनी चावणं थांबवलं. पण शेंग तोंडात होती, गालात दिसत होती. गिळावी की थुंकावी हे त्यांना कळेना, कारण दोन्हीला मनाई. ते माझ्याच पाटीखाली उभे होते.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

दादानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं जमिनीकडं पाहिलं. काका दादाकडं बघत होते.

"कामाला असतात," दादा म्हणाला. "नवीन आहेत. अजून शिकवायचं राहिलंय."

मी देवाचं नाव घेतलं मनात. काकांनी फावडं खाली ठेवलं आणि मान हलवली, होय म्हणून. मालकासमोर कामाचा माणूस जसा उभा राहतो तसे ते उभे राहिले. दोन्ही हात पुढं घेऊन, एकात एक. त्यांना मी तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मला एका कामगाराशी एकट्यानं बोलायचंच असतं. यांच्याशीच बोलते. मालक नकोत जवळ."

निवडायच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. काका खुर्चीच्या कडेवर बसले, जणू मागची जागा दुसऱ्या कुणाची आहे. बाईंचं बोलणं शहरी आणि हळू, काकांना ऐकू येईना. ते सारखे माझ्याकडं बघायला लागले. "तुमच्या आवाजाची त्यांना सवय दिसते," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबा. मी विचारते ते मोठ्यानं सांगा, बाकी काही नको." मग मी प्रश्न सांगायचे आणि काका उत्तरं द्यायचे.

"इथं किती दिवस काम करता?"

"झाले की बरेच."

"पण नवीन आहात ना?"

काका घोटाळले. "या शेंगेला नवीन. मातीला जुना."

बाईंना ते आवडलं असावं. "मालक कसे आहेत?"

"चांगला आहे. कष्टाळू आहे. लहानपणापासून बघतोय."

"ओरडतात का तुमच्यावर?"

"ओरडायला तो बोलायला तरी पाहिजे. दिवसभर फोन कानाला."

"कधी हात उचलला?"

काका हसले. "त्यानं नाही. मीच एकदा उचलला होता. लहान होता, विहिरीत वाकून बघत होता, तेव्हा." बाईंची लिहिणारी बोटं थांबली. काकांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं सांगितलं, "तेव्हा मी त्याच्या वडिलांकडं होतो."

"त्यांचे वडील आहेत?"

मी प्रश्न सांगितलाच नाही. पण तो नेमका त्यांना ऐकू गेला. "आहेत," ते म्हणाले. "असतात इथंच कुठंतरी. थकलेत आता."

"आठवड्याची सुट्टी असते?"

"सुट्टी घेऊन जायचं कुठं? आज धाडलं होतं तर परत आलो."

"राहता कुठं?"

"इथंच. मागं."

"बघू या खोली," बाई उठल्या. माणूस शेतातच राहत असेल तर त्याची जागा पाहणं त्यांच्या नियमात होतं. काका उठले, पण त्यांचा पाय निघेना. शेवटी म्हणाले, "या की. पसारा आहे जरा." घरचा यजमान पाहुण्याला म्हणतो, अगदी तसं.

मागच्या खोलीचं दार पूर्ण उघडत नव्हतं, कारण आत खोकी होती. परदेशी दुकानाचं चित्र छापलेली, फरसबी भरून पाठवायची, घडी घातलेली खोकी. छतापर्यंत थप्प्या. खिडकी असावी असं एका थप्पीच्या मागून आलेल्या उजेडाच्या रेघेवरून कळत होतं. थप्प्यांच्या मधल्या बोळात काकांची खाट. खाटेवर अंथरूण नीट घडी केलेलं. काकूचा एक लहानसा फोटो खोक्याच्या पुठ्ठ्याला टाचणीनं लावलेला. आत गेल्याबरोबर अंगावर झळ आली. पलीकडं थंड खोली. तिच्या मशीनची गरम हवा सोडायचा पंखा याच बाजूला, खाटेच्या डोक्याशी. बाईंनी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"इथं झोपता?"

"उन्हाळ्यात खाट बाहेर काढतो," काका म्हणाले. "पोरी, त्यांना बसायला काहीतरी दे."

बसायला जागा नव्हती. मी मान खाली घालून उभी. माझ्या अक्षरातल्या पाटीवर लिहिलं होतं की शेंगांची खोली नेहमी स्वच्छ, गार आणि हवेशीर ठेवावी. ती पाटी या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला होती.

बाहेर येऊन बाईंनी दादाला बोलावलं. वहिनी, साहेब, तोडणी संपवून नळावर आलेल्या बायका, सगळे तिथंच होते. "बाकी सगळं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मी सोडू शकत नाही. कामगाराला राहायला देता तिथं खिडकी पाहिजे, हवा पाहिजे, मशीनची उष्णता नको, साठवणीचा माल नको. वयस्कर माणूस आहे. हा मोठा दोष धरला जातो."

"दुरुस्त करून घेतो," दादा म्हणाला. "उद्याच गवंडी लावतो."

"लावा. मग पुन्हा अर्ज करा, पुन्हा कुणीतरी बघायला येईल. तोवर तुमचा माल जाणार नाही."

शेंगा तर वेलीवर तयार होत्या. आज नाही तर उद्या तोडायलाच हव्यात, नाहीतर त्या जून होतात. वहिनीनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. साहेब दादाच्या कानाशी लागला, पण कुजबुजणं त्याला जमत नाही. "सांगून टाका ना. हे सगळं बाहेरच्या कामगारांसाठी आहे. घरच्या माणसाला लागू नाही."

दादाचा चेहरा मी बघितला आणि बघितला नसता तर बरं झालं असतं. काका पायरीशी उभे होते. त्यांनी मान दुसरीकडं वळवली, म्हणजे दादाला बोलणं सोपं जावं.

"ते कामगार नाहीत," दादा म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "माझे वडील आहेत."

एकदा दादाकडं, एकदा काकांकडं आणि मग माझ्याकडं बाईंनी पाहिलं. मी इतका वेळ त्यांच्याशेजारी उभी राहून प्रश्न सांगत होते. माझे कान तापले.

"म्हणजे मघाशी खोटं सांगितलंत."

"हो."

"आणि खोली त्यांचीच?"

"हो."

त्यांनी कागदावर लिहिलेलं खोडलं. सावकाश, एकेक ओळ. "घरच्या माणसाला कसं ठेवायचं याबद्दल आमच्याकडं काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळं हा दोष होत नाही. शेतात खाण्याबद्दल आणि तुमच्या खोट्याबद्दल ताकीद लिहिते. वडिलांना नियम समजावून द्या. माल जाऊ शकतो."

साहेबानं सुटकेचा श्वास सोडला. "चला, सुटलो," तो म्हणाला. नळावर आत्या टोपी काढून पिळत होती. ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "आपलं बरं आहे गं बायांनो. आपण कामगार आहोत."

बाई निघाल्या तेव्हा काका फाटकापर्यंत गेले. "जेवून गेली असतीस."

"चालत नाही, काका. ज्यांच्याकडं तपासणी, त्यांच्याकडं खायचं नाही असा नियम आहे."

"तुलाही आहेत का नियम," काका म्हणाले. "मला वाटलं, आम्हालाच."

बाई हसल्या नाहीत. "काका, तब्येत सांभाळा," एवढं म्हणून गेल्या.

दुपारी वहिनीनं वाढलं, सगळे जेवले. संध्याकाळी ट्रक आला, क्रेट भरले, ट्रक गेला. मी काकांना नियम समजावून द्यायला बसले, कारण तसं लिहून द्यायचं होतं. हात कसे धुवायचे ते दाखवलं. ते नीट धुतले त्यांनी, नखांतसुद्धा. माझं शिकवून झाल्यावर म्हणाले, "त्या मुलीला मी खोटं बोललो. माझ्यामुळं तिला एवढं खोडावं लागलं."

"तुमच्यामुळं नाही, काका."

"आणि खोली दाखवायला नको होती. बाई माणूस, पहिल्यांदा घरी आली, बसायला जागा नाही." ते खरोखरच शरमले होते. त्यांना कामगार म्हटलं याचं त्यांना काही वाटलेलं दिसेना. पाहुणीनं आपली खाट पाहिली याचं वाटत होतं. मी म्हटलं, "चला आमच्याकडं. आमची ओसरी मोकळीच असते."

"नको गं. लोक म्हणतील, माणूस मालकाला सोडून गेला."

गमतीच्याच आवाजात म्हणाले. कामगार म्हटल्याबद्दल दिवसभरात तेवढंच एक बोलले. पण दादा थंड खोलीच्या दाराशी उभा होता, हात कडीवर. त्यानं ऐकलं. काकांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तसं नाही रे. हिची चेष्टा केली."

दादा मागच्या खोलीत गेला आणि खोकी बाहेर काढायला लागला. दोन-दोन थप्प्या छातीशी धरून. "आबा, आजपासून तुम्ही आमच्या खोलीत झोपायचं."

"आणि तुम्ही?"

"आमचं बघू."

"खोकी उघड्यावर ठेवू नको. दव पडलं की मऊ होतात," काका म्हणाले.

एका खेपेला दादा आत गेला तो बाहेर येईना. मी दारातून पाहिलं. तो खाटेवर बसला होता, बहुधा पहिल्यांदाच. पलीकडं मशीन सुरू झालं आणि पंखा फिरायला लागला. दादानं भिंतीला तळहात लावला आणि तिथंच ठेवला. तो काढेना.

काका माझ्या मागून पुढं झाले. उंबऱ्यातच थांबले. "थंडीच्या दिवसांत बरं असतं रे," ते त्याला समजावायला लागले. "थंडीत तर मला गोधडीसुद्धा लागत नाही."

दादाचे खांदे हलायला लागले तेव्हा मी तिथून निघाले. घरी येऊन हातपाय धुतले, देवापुढं बसले, पण प्रार्थनेचे शब्द पुढं सरकेनात. आमची ओसरी इतकी वर्षं मोकळी होती, आणि मला ती आज आठवली.

आता काका पुढच्या बाजूच्या खोलीत झोपतात. खिडकी आहे. घेवड्याचे चार वेल त्यांनी माझ्या परसात लावलेत; तिथं कुणाची तपासणी येत नाही. फरसबी जातेच आहे, दरवर्षी सर्टिफिकेट मिळतं. दादाला मात्र एक सवय लागली आहे. कुणीही आलं, ट्रकवाला, खतवाला, मशीन दुरुस्त करणारा, की काकांकडं हात करून तो आधी सांगतो, "हे माझे वडील." ट्रकवाला काकांना कितीतरी वर्षं ओळखतो. तो नुसता मान हलवतो. काका कानकोंडे होतात. "अरे, ठाऊक आहे त्याला," म्हणतात.

पुढच्या खेपेला ट्रक येतो, आणि दादा पुन्हा सांगतो.